जबड्याचं दुखणं आणि बोटॉक्सचं इंजेक्शन

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



मला खरं तर मुदत ठेवींवर बोलायला सांगितलं होतं. बँकेत उभी हयात गेली, त्यामुळे कुठेही उभा राहिलो की लोक व्याजाचे दर विचारतात. पण गेल्या दोन वर्षांत आमच्या घरी एका दुखण्यानं इतका मुक्काम ठोकला, की त्याबद्दल सांगितलं तर चार जणांचा एखादा दात तरी वाचेल असं वाटलं. आधीच स्पष्ट करतो, मी डॉक्टर नाही, बी.कॉम. आहे. जे सांगतो ते डॉक्टरांना विचारून, वाचून आणि घरात सोसून कळलेलं आहे. सौ.ची परवानगी घेतली आहे. ती पहिल्या रांगेत बसली आहे, चुकलो तर दुरुस्त करेल.

हिला सकाळी उठल्यावर उजव्या कानापुढे दुखायला लागलं. जांभई दिली की कट्ट आवाज यायचा. आधी कानाचे डॉक्टर झाले. ते म्हणाले, कान स्वच्छ आहे, दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दातांच्या डॉक्टरांना उजव्या बाजूला एक जुनी सिमेंट भरलेली दाढ सापडली. सापडली म्हणजे गुन्हेगार तीच! रूट कॅनॉल झालं, दुखणं राहिलं. दोन महिन्यांनी दाढ काढली, तरी दुखणं राहिलं. मग ते म्हणाले, शेजारची पण बघू या का? त्या दिवशी आम्ही फाईल घेऊन बाहेर पडलो. त्यांचं नाव मी सांगणार नाही. माणूस वाईट नव्हता, पण हातात हातोडी असली की सगळीकडे खिळे दिसतात, तसं झालं.

पुढे एका ओळखीच्यांनी तोंड आणि जबड्याच्या सर्जनकडे पाठवलं. म्हणजे दंतवैद्यकाची पदवी घेऊन त्यावर तीन वर्षांचं एम.डी.एस. या विषयात केलेले. त्यांनी एक्स-रे नंतर बघितला, आधी हिच्या दोन्ही गालांवर बोटं ठेवली आणि म्हणाले, "काकू, दात घट्ट आवळा." मग मला म्हणाले, "काका, तुम्हीही हात लावून बघा." मी लावला. गालाच्या मागच्या भागात, कानाच्या पाळीखाली, सुपारीएवढी टणक गाठ हाताला लागली. गाठ कसली, तो स्नायूच होता. मॅसेटर त्याचं नाव. गालाच्या हाडापासून जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत जातो आणि आपण जे काही चावतो ते त्याच्या जोरावर. त्याचा जोडीदार कानशिलावर असतो, टेंपोरालिस. दोघंही रात्रभर ओव्हरटाईम करत होते.

डॉक्टरांनी मला विचारलं, "काकू झोपेत दात खातात का?"

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. आमच्या बेडरूममध्ये रात्री खर्रर्र, खर्रर्र आवाज यायचा. किती वर्षं, देव जाणे. मला वाटायचं माळ्यावर उंदीर आहे. मी दोनदा पिंजरा लावला, एकदा औषध ठेवलं. दर वेळी सकाळी पिंजरा रिकामा. उंदीर माळ्यावर नव्हताच, माझ्या शेजारी झोपलेला होता! (हशा) हसा, पण विचार करा. ज्याला हा त्रास असतो तो झोपलेला असतो, त्याला कळत नाही. कळतं ते शेजारच्याला. तीस-चाळीस वर्षं एका खोलीत झोपून मी डॉक्टरांना उपयोगी पडेल अशी ही एकमेव गोष्ट ओळखली नाही, आणि त्यापायी हिची एक धड दाढ गेली. ती मला याबद्दल कधी बोलली नाही. मी बोलतोय.

लहान मूल दात खात असलं की आपल्याकडे म्हणतात पोटात जंत झाले. मोठ्यांमध्ये याला ब्रुक्सिझम म्हणतात. मनावरचा ताण, अपुरी झोप, घोरणं, काही औषधं, जास्त चहा-कॉफी, तंबाखू, अशी कारणं त्यामागे सापडतात. आमच्याकडे त्या काळात माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळून होत्या आणि ही दिवसभर तोंड मिटून सगळं करत होती. तोंड मिटून म्हणजे दात आवळून. डॉक्टरांनी सांगितलं, खाताना आणि गिळताना सोडलं तर आपले वरचे-खालचे दात एकमेकांना टेकायलाच नकोत. ओठ मिटलेले, दात सुटे, जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टाळूला. आत्ता इथे बसल्याबसल्या बघा. किती जणांचे दात टेकलेले आहेत?

जबड्याचा सांधा कानाच्या अगदी पुढे असतो. आत एक लहानशी चकती असते. ती सरकली की कट्ट वाजतं. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तोंड पूर्ण उघडत असेल, तर बहुतेक वेळा काही करावं लागत नाही. आमचा सांधा ठीक होता, दुखत होते ते स्नायू. उपचार म्हणून आधी सुरू झालं ते साधंच. गरम पाण्याच्या पिशवीनं शेक, आरशासमोर तोंड सरळ रेषेत उघडायचा-मिटायचा व्यायाम, कडक खाणं काही दिवस बंद, आणि दातांचा साचा घेऊन केलेला नाईट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायची पारदर्शक पट्टी. तीन महिन्यांत निम्मं दुखणं कमी झालं. निम्मं राहिलं. तेव्हा डॉक्टरांनी बोटॉक्सचं नाव काढलं.

मी दचकलो. मला बोटॉक्स म्हणजे सिनेनट्यांच्या कपाळावरच्या आठ्या घालवायचं औषध एवढंच माहीत होतं. घरी येऊन वाचलं तर आणखी दचकलो, कारण हे मुळात विष आहे. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाचा जीवाणू ते तयार करतो, आणि माणसाला माहीत असलेल्या विषांत ते सगळ्यात जहाल मानतात. जर्मनीत वुर्टेम्बर्ग भागात नीट न शिजवलेले, न टिकवलेले सॉसेज खाऊन लोक मरायचे. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरनं 1820 आणि 1822 मध्ये त्याची लक्षणं बारकाईनं लिहून ठेवली. स्वतःवरही प्रयोग केला. हा माणूस कवीही होता, बरं का. लॅटिनमध्ये बोट्युलस म्हणजे सॉसेज, त्यावरून नाव पडलं. केर्नरनं तेव्हाच लिहिलं होतं की हे विष अत्यंत थोड्या प्रमाणात दिलं तर जिथे नसा अति काम करतात तिथे औषध म्हणून चालेल. पुढे 1895 मध्ये बेल्जियममधल्या एका खेड्यात मयताच्या जेवणातलं हॅम खाऊन वाजंत्री मंडळी आजारी पडली, तिघे दगावले, आणि त्यावरून व्हान एर्मेंगेम यांनी तो जीवाणू शोधला.

इथे आजी-आजोबांसाठी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. हाच जीवाणू मधात असू शकतो. आपल्याला त्याचं काही होत नाही, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात तो वाढू शकतो. म्हणून बारशाच्या वेळी, कौतुकानं, बाळाला मध चाटवू नका. आमच्या घरी हा वाद झाला आहे आणि सून बरोबर होती.

तर केर्नरचं म्हणणं खरं ठरायला दीडशेहून अधिक वर्षं गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे डोळ्यांचे डॉक्टर अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्यांसाठी ते वापरलं, आणि 1989 मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं तिरळेपणा आणि पापण्यांच्या आकडीसाठी त्याला मान्यता दिली. कॅनडात व्हँकुव्हरला कॅरुदर्स नावाचं डॉक्टर जोडपं होतं, बायको डोळ्यांची, नवरा त्वचेचा. तिच्या पेशंटच्या लक्षात आलं की इंजेक्शननंतर भुवयांमधल्या आठ्या जातात. नवरा-बायकोंनी 1992 मध्ये त्यावर लेख लिहिला. आठ्यांसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता 2002 ला मिळाली, आणि जुनाट अर्धशिशीसाठी 2010 ला. म्हणजे आधी डोळा, मग सौंदर्य, मग डोकेदुखी असा प्रवास आहे.

काम कसं करतं? मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूपर्यंत जातो तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. हे औषध नसेच्या टोकाशी ते रसायन बाहेर पडूच देत नाही. हुकूम निघतो, पण पोचत नाही. हेड ऑफिसचं सर्क्युलर शाखेत न पोचल्यासारखं! स्नायू मरत नाही, ढिला पडतो. तीन-चार महिन्यांत नस पुन्हा जोडणी करते आणि पहिल्यासारखं होतं. औषधाची मात्रा ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजतात, त्यामुळे विष म्हणून घाबरायचं कारण नाही, पण हात शिकलेलाच हवा.

डॉक्टरांनी आधी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली, त्यामुळे माझा विश्वास बसला. जबड्याच्या दुखण्यासाठी किंवा दात खाण्यासाठी एफडीएची मान्यता या औषधाला नाही. डॉक्टर स्वतःच्या निर्णयानं ते वापरतात, याला ऑफ-लेबल म्हणतात. बेकायदा नाही, पण पेशंटला सांगायला हवं. अभ्यासांचे निकालही मिश्र आहेत. काहींत दुखणं कमी झालं, काहींत नुसत्या सलाईनच्या सुईनंही तेवढाच आराम पडला. 2023 च्या अखेरीला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यावर तज्ज्ञांची मार्गदर्शिका आली. तिच्यात जबड्याचे व्यायाम, समुपदेशन, स्नायूंवर हातानं केलेले उपचार यांना वरचं स्थान आहे, आणि बोटॉक्स सहसा नको असा सल्ला आहे. गंमत म्हणजे आमचा नाईट गार्डही त्याच 'सहसा नको'च्या यादीत आहे. मी ते डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, "काका, गार्ड दुखणं बरं करायला नाही, उरलेले दात झिजू नयेत म्हणून ठेवू या." हे मला पटलं.

शेवटी हिनंच ठरवलं. म्हणाली, "अहो, एकदा करून बघू. कायमचं तर नाही ना?"

फ्रीजमधून बाटली काढली, लेबल आणि मुदत आम्हाला दाखवली, आमच्यासमोर सलाईन घालून पातळ केली. ही पद्धत लक्षात ठेवा. औषध दोन ते आठ अंश तापमानात ठेवायचं असतं आणि पातळ केल्यावर चोवीस तासांत वापरायचं असतं. एका बाटलीत चार जणींना उरकणारी ठिकाणं असतात, तिथे कालची बाटली आज चालत असेल तर तुम्हाला कळणार कसं? 2024 मध्ये अमेरिकेत बनावट बोटॉक्स टोचून घेऊन लोक आजारी पडले, काहींना रुग्णालयात ठेवावं लागलं. तिथे हे होत असेल तर आपण डोळे उघडे ठेवलेलेच बरे. आणखी एक, युनिट हे माप ब्रँडप्रमाणे बदलतं. एका कंपनीचे पंचवीस आणि दुसऱ्या कंपनीचे पंचवीस सारखे नसतात. म्हणून बिलावर ब्रँड, बॅच नंबर आणि युनिट तिन्ही लिहून घ्या.

हिला दोन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस युनिट दिले, प्रत्येक गालावर चार-पाच टोचण्या. दहा मिनिटांचं काम. चार तास आडवं व्हायचं नाही, गाल चोळायचा नाही. पहिले पाच दिवस काहीच फरक नाही. मी मनातल्या मनात ते पैसे बुडीत खात्यात टाकले. दुसऱ्या आठवड्यात मात्र एका सकाळी ही चहा घेताना म्हणाली, "आज कान दुखत नाहीये." रात्रीचा आवाजही थांबला. मला दोन रात्री झोप आली नाही, इतकी शांतता!

पण फुकट काही मिळत नाही. साधारण तीन आठवडे हिला भाकरी चावताना जबडा दमायचा. आमटीत कुस्करून खायची. शेंगदाण्याची चिक्की संक्रांतीला तशीच राहिली. हसताना ओठाचा एक कोपरा किंचित मागे राहायचा, महिनाभरानं तो सरळ झाला. चौथ्या महिन्यात दुखणं परत आलं, पण पूर्वीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं. आम्ही लगेच दुसरा डोस घेतला नाही. वारंवार घेतलं तर स्नायू बारीक होतो, काही अभ्यासांत त्याखालचं जबड्याचं हाड पातळ झाल्याचंही दिसलं आहे, आणि साठीनंतरच्या बायकांची हाडं आधीच कशी असतात ते सांगायला नको. व्यायाम आणि गार्डवर सध्या चाललं आहे.

आता खर्च, कारण ते विचारल्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही. औषधाचा दर युनिटमागे काहीशे रुपये, म्हणजे पन्नास युनिटांना पाच आकडी रक्कम होते. मेडिक्लेममध्ये बहुधा मिळत नाही. कॉस्मेटिक उपचार पॉलिसीतून वगळलेले असतात आणि दातांचे बाह्यरुग्ण उपचारही साध्या पॉलिसीत नसतात. आणि एक बँकवाल्याची नजर सांगतो. आजारावरच्या उपचाराला जीएसटी नाही, सौंदर्यासाठीच्या कॉस्मेटिक उपचाराला आहे. तेव्हा दुखण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनच्या बिलावर जीएसटी लावलेला दिसला तर तिथल्या तिथे विचारा.

सौंदर्याकडे वळतो, कारण आपल्या सोसायटीतल्या मुली माझ्याकडे बघतायत. दातांच्या दवाखान्यात हल्ली दोन गोष्टींसाठी हे इंजेक्शन देतात. हसताना हिरड्या जास्त दिसतात त्यासाठी, आणि चौकोनी जबडा निमुळता दिसावा म्हणून. हिरड्यांसाठी वरचा ओठ उचलणाऱ्या स्नायूत अगदी थोडे युनिट देतात, ओठ कमी वर जातो. पण हिरड्या कशामुळे दिसतात ते आधी बघायला हवं. ओठ जास्त उचलत असेल तर उपयोग. हिरडी वाढलेली असेल, दात आखूड असतील किंवा वरचा जबडाच लांब असेल, तर हे त्याचं उत्तर नाही.

नात्यातल्या एका मुलीनं लग्नाच्या दहा दिवस आधी जबड्यासाठी इंजेक्शन घेतलं. ठिकाणाचं नाव सांगत नाही, पॅकेज होतं, वर मैत्रिणीला सवलत. स्नायू ढिला आठवड्या-दोन आठवड्यांत पडतो, पण तो बारीक होऊन चेहरा निमुळता दिसायला दीड-दोन महिने लागतात. ते तिला कोणी सांगितलंच नाही. लग्नात चेहरा होता तसाच, फक्त हसू एकीकडे झुकलेलं. अल्बममध्ये ती प्रत्येक फोटोत ओठ मिटून आहे. दोन महिन्यांनी चेहरा खरंच निमुळता झाला, तोवर पाहुणे घरी गेले होते. मी कॉस्मेटिक उपचारांच्या विरुद्ध नाही. आपल्यापैकी निम्मे पुरुष केस काळे करून बसले आहेत, आम्ही कोणत्या तोंडानं बोलणार? पण तिला सहा महिने आधी, योग्य माणसाकडे जाऊन घेता आलं असतं. आणि तिचं आधीचं हसू फार छान होतं, हे घरात कोणीतरी तिला आधी सांगायला हवं होतं. मीही सांगितलं नव्हतं.

आता ज्येष्ठांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. जबडा दुखतो म्हणजे जबड्याचंच दुखणं असेल असं नाही. शाखेतला माझा एक सहकारी होता. जिना चढला की खालचा जबडा दुखायचा, थांबला की थांबायचा. त्यानं दातांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. रविवारी गेला. हृदयाचं दुखणं जबड्यात येतं, कधी छातीत अजिबात न दुखता, आणि बायकांमध्ये असं जास्त आढळतं. श्रमानं येणारं, घाम किंवा धाप घेऊन येणारं जबड्याचं दुखणं असेल तर दाताच्या दवाखान्यात नाही, 108 ला फोन करा.

दुसरं, पन्नाशीनंतर नवीन डोकेदुखी, कानशील हाताला दुखरं, चार घास चावले की जबडा दुखून थांबावं लागतं, आणि नजर अंधुक होते, तर तो कानशिलाच्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो. आपल्याकडे कमी आढळतो, पण त्याच दिवशी उपचार झाले नाहीत तर दृष्टी जाऊ शकते. तिसरं, तोंड धुताना किंवा दाढी करताना विजेसारखी कळ येते ती नसेची असते, त्याला गोळ्या वेगळ्या. आणि कवळी सैल झाली असेल तरी जबडा दुखतो. दुरुस्त करून घ्या, तिजोरीत ठेवू नका.

हे इंजेक्शन कोणी घेऊ नये, तेही सांगतो. मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायूंचा आजार असलेल्यांनी, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या आयांनी, टोचायच्या जागी जंतुसंसर्ग असेल तर. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, जेंटामायसीनसारखं अँटिबायोटिक चालू असेल, तर आधी सांगा. गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका. इंजेक्शननंतर गिळायला, श्वास घ्यायला किंवा बोलायला त्रास झाला तर वाट न बघता रुग्णालयात जा.

प्रश्न आले आहेत चिठ्ठीवर. "माझे मिस्टर झोपेत दात खातात पण त्यांना काही दुखत नाही, काय करू?" ताई, दात झिजलेत का ते एकदा दाखवून घ्या, आणि ते घोरत असतील तर झोपेची तपासणी करून घ्या. दुखत नसेल तर इंजेक्शन वगैरे काही नको. दुसरा प्रश्न आहे, मुदत ठेवींचे दर वाढतील का. ते पुढच्या महिन्यात.

सौ. घड्याळ दाखवते आहे. मुलांचा नाच बाकी आहे आणि त्यांचा मेकअप उतरायला लागला आहे. मी थांबतो. नाईट गार्डची डबी बरोबर आणली आहे, कोणाला बघायची असेल तर चहाच्या वेळी हिच्याकडे मागा.